क्लबच्या बाहीवरचं नाव बघून पैसे भरू नका

वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडी या पट्ट्यात युरोपातल्या एका मोठ्या फुटबॉल क्लबच्या नावाने व्हॉट्सॲप ग्रुप चालतो. त्यातल्यांनी आणि इतर क्लबांच्या अशा ग्रुपमधल्यांनीही हे वाचावं. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मैदानाबाहेरचे उद्योग बघून गेली काही वर्षं डोकं फिरलेलंच होतं. मालकाचा पैसा कुठला, लीगने नोटीस का काढली, मॅनेजरला हाकलला की तो स्वतः गेला, याच्याच बातम्या. खेळ कमी, वकील जास्त. तरी रात्री दीडची मॅच आपण बघतोच.

गेल्या सीझनच्या मध्यावर क्लबच्या जर्सीच्या बाहीवर नवीन स्पॉन्सरचं नाव आलं. डिजिटल कॉइनची, म्हणजे क्रिप्टोची कंपनी म्हणे. क्लबच्या अधिकृत साइटवर पार्टनरांच्या यादीत तिचा लोगो, दोन खेळाडू फोन हातात घेऊन हसतायत असा व्हिडिओ आणि खाली ॲपची लिंक. मी ॲप तिथूनच घेतलं. ग्रुपमध्ये कुणीतरी शंका काढली, तेव्हा एकाने लगेच सुनावलं, "मेल्या, शर्टार नाव असा, मगे खोटा कसा असात?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

कॉइन घेतलं की क्लबच्या मतदानात भाग, सही केलेली जर्सी, भाव वाढला तर नफा. आंब्याचे पैसे हातात आले होते, त्यातले पंचेचाळीस हजार टाकले. ॲपमधला आकडा रोज वर चढायचा. मध्ये दोन हजार काढून बघितले, तासाभरात खात्यात आले. पहिली छोटी रक्कम हे लोक मुद्दाम परत देतात. पैसे भरताना मात्र यूपीआयवर कंपनीचं नाव कधीच दिसलं नाही. एकदा कुठल्या ट्रेडर्सचं, एकदा एका बाईचं, एकदा मोबाइलच्या दुकानाचं. विचारलं तर "हे आमचे भारतातले पेमेंट पार्टनर." ही भाड्याने घेतलेली खाती असतात, असं पोलिसांनी नंतर सांगितलं.

गणपतीच्या तोंडावर पैसे काढायला गेलो, तर हेल्पडेस्कवाला म्हणाला, आधी तीस टक्के टॅक्स भरा, मग रक्कम सुटेल. लबाडी बघा, आकडा खरा आहे! क्रिप्टोच्या नफ्यावर आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे, शिवाय व्यवहारावर 1 टक्का टीडीएस. गूगलवर शोधलं तरी तेच दिसतं आणि माणूस गप्प बसतो. पण तो कर आपण आयकर खात्याला भरतो आणि टीडीएस रकमेतूनच कापला जातो. पैसे काढायच्या आधी कर म्हणून कोणाच्या यूपीआयवर रक्कम मागतात, तिथे सरकारचा काही संबंध नसतो. मी दमडी दिली नाही. ग्रुपमधल्या एकाने होडीच्या इंजिनासाठी साठवलेल्यातून भरले, तर त्याच्याकडे वर 'व्हेरिफिकेशन फी' मागितली.

क्लबला मेल केला. बऱ्याच दिवसांनी चार ओळी आल्या: पार्टनर कंपनीच्या सेवेशी क्लबचा संबंध नाही, गुंतवणूक स्वतःच्या जबाबदारीवर करावी. मग बाहीवरचं नाव गेलं, साइटवरचं पान गेलं, हसणारे खेळाडूही गेले. खुलासा नाही, माफी तर नाहीच. माझा खरा राग इथे आहे. चोर चोरी करणारच, पण त्याला आमच्या घरात आणून बसवला कोणी?

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. मँचेस्टर सिटीने नोव्हेंबर 2021 मध्ये थ्रीकी टेक्नॉलॉजीज या कंपनीशी करार जाहीर केला. तिच्या अधिकाऱ्यांचा इंटरनेटवर मागमूस लागत नाही अशी ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो थांबवला. इंटर मिलानच्या छातीवर डिजिटलबिट्स हे क्रिप्टोवालं नाव होतं. हप्ते थकले आणि 2023 मध्ये ते उतरवावं लागलं. इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलला शर्टावर दुसराच लोगो होता. एवढ्या मोठ्या क्लबांत समोरचा कोण हे तपासायचं कोणाला सुचत नाही? की सुचतं, पण चेक आधी येतो?

असलं ॲप समोर आलं तर ती कंपनी आपल्याकडच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदलेली आहे का ते बघा. मार्च 2023 पासून क्रिप्टो कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आहेत, त्यामुळे ही नोंदणी लागते. नोंदणी म्हणजे नफ्याची हमी नव्हे, पण भांडायला निदान पत्ता तरी असतो.

पैसे गेलेच असतील तर लोक काय म्हणतील म्हणून थांबू नका, तडक 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक त्या व्यवहाराला देते तो क्रमांक) हाताशी ठेवा आणि रागाच्या भरात ॲप, चॅट काही डिलीट करू नका. माझे बारा हजार एका खात्यात गोठवलेले सापडले. ते सुटायची वाट बघतोय.

सध्या आणखी एक प्रकार सुरू झालाय. ग्रुपमधल्यांना हिंदीत बोलणाऱ्या एका माणसाचे फोन येतायत. आपण क्लबच्या लीगल टीमचे, बुडालेली रक्कम काढून देतो म्हणतो आणि फाइल उघडायला साडेतीन हजार मागतो. कोणी किती भरले ते आकडे त्याच्याकडे अचूक आहेत, म्हणजे यादी त्याच टोळीकडून आलेली. त्याला काही देऊ नका. त्याचा नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षु'वर, म्हणजे संशयास्पद फोनची तक्रार घेणाऱ्या सोयीवर, नोंदवा आणि ज्यांनी साडेतीन हजार आधीच दिलेत त्यांनी तो व्यवहारही आपल्या तक्रारीत जोडून घ्या.