मिक्सर झकास झाला, काउंटरवर डोकं फिरलं, आणि तो माणूस "कुठला" ते मी लिहिणार नाहीये

आपल्या नाशकातलंच एक सर्व्हिस सेंटर आहे, गंगापूर रोडच्या बाजूला, मिक्सर, फूड प्रोसेसर, इस्त्री असलं सगळं दुरुस्त करतात. नाव इथे टाकत नाहीये कारण मालकांना मी सगळं लेखी दिलंय आणि ते बघतो म्हणालेत, तर तेवढी संधी देऊन बघू. पण अनुभव लिहितेय कारण असल्या ठिकाणी सगळ्यांनाच कधी ना कधी जावं लागतं. आणि दुसरं कारण, हा अनुभव ज्याला ज्याला सांगितला त्याने मला एकच प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाने माझं डोकं काउंटरवरच्या माणसापेक्षा जास्त फिरलं.

दुरुस्तीला साडेचार स्टार. काउंटरला एक, तोही अॅपमध्ये शून्य देता येत नाही म्हणून.

आधी मिक्सरचं सांगते. आमच्याकडे काळा मसाला थोडा थोडा घरीच करतात, सासूबाईंना डंकावरचा चालत नाही (त्यांच्या मते डंकावर आपला मसाला दळताना आधीच्या बाईचा मसाला त्यात येतो, आणि आधीच्या बाईचं दगडफूल जुनं असतं, यावर वाद घालायची घरात कुणाची हिंमत नाही). तर सुक्या खोबऱ्याचा घाणा चालू असताना मिक्सर बंद पडला. खालचं लाल बटण दाबून बघितलं, ओव्हरलोड झाला की ते बाहेर येतं ते, परत चालू झाला आणि मग जळका वास, आतून ठिणग्या, आणि खलास.

मग ते धूड पिशवीत घालून सेंटरवर. काउंटरवरचा माणूस मोबाईलमध्ये, मान वर न करता "बोला". मी सांगायला लागले तर मधेच, "वॉरंटी आहे?" नाही म्हटलं, जुना आहे. "मग नवीन घ्या ना, कशाला उचलून आणलं हे." बरं हेही मी ऐकून घेतलं असतं, आपल्याला सवय असते. पण माझ्या शेजारी एक आजोबा होते, इस्त्री घेऊन आलेले, त्यांना खर्च किती येईल ते नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी परत विचारलं, तर हा म्हणतो, "बाबा तीनदा सांगितलं, कान आहेत का नाहीत?" आणि पावती त्यांच्याकडे अशी भिरकावली की ती काउंटरवरून खाली पडली. आजोबा काही बोलले नाहीत, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि उचलली. मी म्हटलं दादा हातात द्या ना, तर माझ्याकडे बघून "नेक्स्ट". मागे उभं कुणीच नव्हतं!

मिक्सर घ्यायला गेले तेव्हा फोनवर 350 सांगितलेले, मागितले 480. का तर जारचं बुशही (जारच्या तळाशी ब्लेडचा दांडा ज्यात फिरतो ते) बदललं म्हणे. ठीक आहे, बदललं असेल, पण मग बदलायच्या आधी एक फोन? आणि बिल मागितलं तर "बिल कशाला, काम झालं ना? बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागेल." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, नाशकात काय अख्ख्या महाराष्ट्रात चालतं हे. पण लक्षात ठेवा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं ही सरळ सरळ अनुचित व्यापारी प्रथा धरलीये, तुम्ही वस्तू घेतलेली असो नाहीतर सेवा. आपण भीक मागत नसतो बिल मागताना. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. मी नुसतं तो नंबर लावू का म्हणून विचारलं तर दोन मिनिटांत छापील बिल आलं, आणि 480 चंच, वेगळा जीएसटी कुठे गेला देव जाणे.

आता साडेचार स्टार कशाचे, तर पार्टिशनच्या मागे जो कारागीर बसतो त्याचे. त्याने मला स्वतःहून आत बोलवलं, मोटरच्या आत वीज पोचवणारे जुने कार्बन ब्रश हातात दिले, झिजून झिजून नखाएवढे राहिलेले, आणि नवीन ब्रश शेजारी ठेवून दाखवला की हा एवढा असतो. कपलरचे, म्हणजे मोटर आणि जार जोडणाऱ्या चकतीचे, दात गेलेले तेही दाखवले. जार उलटा करून बुशमधून काळपट तेलकट पाणी येत होतं ते बोटाने पुसून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, हे तुमच्या चटणीत जात होतं." मग सांगितलं की खोबरं भाजल्यावर पूर्ण गार होऊ द्या, गरम गरम टाकलं की तेल सुटतं, त्याचा गोळा होतो, ब्लेड अडकतं आणि सगळा लोड मोटरवर येतो, जार अर्ध्याच्या वर भरू नका आणि सलग फिरवण्यापेक्षा थांबून थांबून फिरवा. एवढं नीट तर माझ्या फिजिक्सच्या सरांनीही कधी समजावलं नव्हतं. त्यानंतर घरी शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी, राहिलेला मसाला सगळं झालं, आवाज पण निम्मा झालाय.

तर हे सगळं मी संध्याकाळी सोसायटीत सांगितलं. आजोबांचा किस्सा सांगून होतोय न होतोय तोच शेजारच्या वहिनी, "कोण होता गं?" मी म्हटलं काउंटरवर बसतो तो, निळ्या शर्टातला. "तसं नाही गं, कोण म्हणजे कुठला?" मी म्हटलं मला काय माहीत. (माहीत होतं, शर्टावर नाव होतं, आडनावासकट.) झालं, मग अंदाज सुरू. एक म्हणे नक्की बाहेरच्या राज्यातला असणार, त्यांना बोलायची पद्धतच नसते. दुसऱ्यांनी धर्म काढला. खालच्या मजल्यावरचे काका म्हणे नाही नाही, असा माज आपल्याच लोकांपैकी अमक्यांनाच असतो, आणि "अमक्यांना" म्हणताना आवाज बारीक केला, कारण बाकावर एक अमके बसलेले होते. एका माणसाला तिथल्या तिथे चार प्रांत-जातींमध्ये वाटून टाकलं आणि गंमत म्हणजे चौघांनाही पटलं की हो, ते लोक असेच. आजोबांचं काय झालं, बिल मिळालं का, हे कुणीच विचारलं नाही.

आणि आतल्या कारागिराबद्दल इतकं भरभरून सांगितलं, तर तो कुठला हे एकानेही विचारलं नाही. नुसतं "हो का, बरा कारागीर दिसतोय." म्हणजे नीट वागला की तो कारागीर, आणि उर्मट वागला की तो अमक्या लोकांतला. कदाचित दोघं एकाच गावचे असतील, सख्खे चुलत भाऊ असतील, मला खरंच माहीत नाही आणि दोघांपैकी कुणाचंही सांगायची गरज वाटत नाही.

कुणी म्हणेल एवढं काय त्यात, नुसतं सांगितलं तर काय बिघडलं. बघा ना, माझी नणंद मेन रोडला कपड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. तिथे तक्रारवही आहे. तीत एकदा कुणीतरी लिहिलं, "ती सावळी जाड मुलगी फार उद्धट आहे." बास. कुठल्या दिवशी, कशावरून, एक्सचेंज नाकारला का, बिल नंबर काय, काही नाही. दुकानात तशा म्हणाव्या अशा तिघी. मालकाने तिघींना झापलं, तिघी घरी जाऊन रडल्या, आणि ज्या गिऱ्हाइकाचा एक्सचेंज अडकला होता त्याचा बहुतेक अडकलेलाच राहिला असेल, कारण एक्सचेंज नेमका कोणता ते कुणाला कळलंच नाही. "वीस तारखेला दुपारी साइज बदलून द्यायला नकार दिला आणि वर हसली" असं लिहिलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. रंग, अंग, वय, आडनाव, बाई आहे की बाप्या, याने मालकाला काही दुरुस्त करता येत नाही. उलट त्याला आयती पळवाट मिळते. तुम्ही जात-धर्म-प्रांत लिहिला की तो म्हणणार, बघा, गिऱ्हाइकाच्याच मनात आकस आहे, माझा माणूस चांगला आहे. आजोबांची पावती खाली पडली ते राहिलं बाजूला, भांडण भलत्याच गोष्टीवर सुरू.

आणि हे आपल्याला कळत नाही असं नाही हां. माझा मावसभाऊ मुंबईत नोकरीला होता, तिथे एकदा हॉटेलात पनीर आंबलंय म्हणून तक्रार केली तर मॅनेजर पाठ वळल्यावर वेटरला काय म्हणाला, "घाटी है, छोड़." पनीर आंबलेलंच होतं! ते अजूनही सांगतो तो, दर दिवाळीला, तेवढ्याच रागाने. आणि हाच मावसभाऊ माझा किस्सा ऐकून फोनवर पहिलं काय विचारतो, "काय आडनाव होतं त्याचं?" मी फोन सासूबाईंकडे दिला.

आता यावर एक मुद्दा येणारच म्हणून आधीच लिहिते, की मग मराठी बोलायला नकार दिला तर तेही लिहायचं नाही का? लिहा की, जरूर लिहा, ती वागणुकीचीच तक्रार आहे. "मराठीत विचारलं तर उत्तर दिलं नाही, कुचेष्टा केली" हे पूर्ण वाक्य झालं, त्यात त्याचं राज्य घालायची गरज पडत नाही, कारण उत्तर न देणारा इथे जन्मलेला पण असू शकतो आणि असे मी भरपूर बघितलेत. तसंच दुकानदाराने तुम्हालाच तुमच्या जातीवरून, धर्मावरून, बाई म्हणून काही सुनावलं किंवा आत येऊ दिलं नाही तर ती ओळख लिहायलाच हवी, कारण मग तक्रारच त्याची आहे. संविधानाच्या कलम 15 मध्ये स्पष्ट आहे, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने कुणालाही दुकानात, हॉटेलात अडवता येत नाही. आमच्या सोसायटीतली ती चर्चा आठवते तेव्हा हसू येतं, दुकानदाराने गिऱ्हाइकाचं जे बघायचं नाही म्हणून तिथे लिहिलंय, नेमकी तीच यादी आम्ही बाकावर बसून दुकानातल्या माणसाची काढत होतो, लिंग सोडून, ते निळ्या शर्टावरून कळलेलं होतं.

माणूस ओळखू यावा म्हणून सांगतो असं म्हणणारेही आहेत. अहो, मी मालकांना दिलेल्या चिठ्ठीत काय लिहिलं माहितीये? तारीख, सकाळी अकराच्या सुमारास, पुढचा काउंटर, निळा शर्ट, जॉब कार्डचा (वस्तू दुरुस्तीला देताना करतात ती चिठ्ठी) नंबर. त्यांनी वाचून लगेच मान हलवली, ओळखलं त्यांनी. म्हणाले कॅमेरा पण बघतो. त्यांनीही मला "कुठला" विचारलं नाही, कारण त्यांना पगार कुणाला देतो ते माहीत आहे.

आणि एक, 2027 ला आपल्याकडे सिंहस्थ आहे. अख्खा देश येणारे, नाशिकरोड स्टेशनपासून रामकुंडापर्यंत. त्यातल्या कुणाला एखादा रिक्षावाला नडेल, एखादा लॉजवाला दुप्पट भाडं लावेल, आणि ते घरी जाऊन लिहिणार "नाशिकवाले लुटतात". तेव्हा आपण सगळे तावातावाने खाली लिहायला जाणार की अहो एका रिक्षावाल्यामुळे अख्ख्या नाशिकला का बोलता. खालच्या मजल्यावरचे काका तर सगळ्यात आधी, त्यांचं टायपिंग फास्ट आहे.

असो, सेंटरला जाणार असाल तर कामाचं सांगते. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी जेवणाच्या वेळेत कारागीर नसतो आणि मग तुमची गाठ फक्त काउंटरशी. मिक्सरबरोबर सगळे जार न्या, नुसती मोटर नेली तर कपलर जारला नीट बसतोय का ते तपासता येत नाही. झाकणं मात्र घरीच ठेवा, माझ्या समोर एक बाई दुसऱ्याच कुणाचं झाकण आलं म्हणून भांडत होत्या. जुने पार्ट मागून घ्या, कारागीर देतो, खरंच बदलले का ते कळतं. अंदाजे खर्च जॉब कार्डवर लिहून घ्या आणि वर जास्त लागला तर आधी फोन करा असंही तिथेच लिहायला लावा. बिल सोडू नका. आणि ते इस्त्रीवाले आजोबा जर हे वाचत असतील किंवा त्यांच्या घरचं कुणी, तर तुमची पावती फेकल्याचं मी माझ्या चिठ्ठीत लिहिलंय, तुम्हीही एक चिठ्ठी द्या, दोन झाल्या की मालकांना नुसतं बघतो म्हणून भागणार नाही.