झेडपी की इंग्लिश मीडियम? पोरगी दोन्हीकडं शिकली म्हणून सांगतो

जून जवळ आला की गावातलं कोणी ना कोणी विचारतंच, पोराला आपल्या झेडपीत घालू का तालुक्याला इंग्लिश मीडियमला पाठवू. माझी पोरगी दुसरीपर्यंत तिकडं होती आणि तिसरीपासून गावातल्या शाळेत आहे.

फी, बस, युनिफॉर्म सगळ्यांना माहितीय, त्यात जात नाही. इंग्लिश मीडियमचं चांगलं ते आधी सांगतो. स्टेजवर न घाबरता उभं राहायला ती तिथंच शिकली, प्रत्येक वर्गाला वेगळ्या मॅडम होत्या, इंग्रजी वाचायची भीतीही तिथंच गेली. आमच्या झेडपीत चार वर्गांना दोनच शिक्षक, एक गुरुजी इलेक्शनच्या कामाला गेले की सगळी पोरं एका खोलीत, हे मला आजही खटकतं.

पण एक गोष्ट मला सहनच झाली नाही, ती म्हणजे पाठांतर. श्रावणातली गोष्ट, पोरगी माझ्यासोबत शेतात आलेली आणि 'क्रॉप'ची व्याख्या इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवत होती. म्हटलं, दाखव बरं एखादं क्रॉप. इकडंतिकडं बघून म्हणाली, "इथं नाहीये बाबा, पुस्तकात आहे." आणि उभी कुठं होती तर कमरेएवढ्या सोयाबीनमध्ये! त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेत विचारलं तर म्हणे मार्क चांगले आहेत की, घरी इंग्लिश बोलत जा. आता घरी आजी आहे, तिच्याशी काय इंग्लिश बोलणार?

नंतर फुल्यांचं १८८२ चं हंटर कमिशनपुढचं (इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला नेमलेला आयोग) निवेदन वाचलं. प्राथमिक शिक्षण निदान १२ वर्षांपर्यंत सक्तीचं करा ही त्यांची मागणी आपण ऐकलेली असते, पण प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध (म्हणजे देवनागरी) लिपी, हिशेब यांच्यासोबत शेतीचं थोडं ज्ञान द्या आणि शिक्षक शेतकऱ्यांच्या लोकांत मिसळणारा असावा, असंही त्यात आहे. मला तर ते सोयाबीन आठवलं. १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढून सावित्रीबाई आणि जोतिरावांनी लोकांचा किती त्रास सोसला, पुढं १९१७ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड लावला. एवढं करून उभी राहिलेली शाळा माझ्या घरापासून चार मिनिटांवर आणि मी पोरीला सकाळी सातला बसमध्ये बसवत होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

आता आमच्या गुरुजींनी पाढे शिकवताना पोरांना बांधावर नेऊन एका ओळीत किती झाडं, अशा किती ओळी, असं मोजायला लावलं. पोरगी घरी येऊन मलाच विचारते, दोन ओळींत एवढंच अंतर का ठेवलं.

तुमची बदलीची नोकरी असेल, दर तीन वर्षांनी राज्य बदलत असेल तर इंग्लिश मीडियमच बरं पडेल, त्यात वाद नाही. आणि सगळ्या झेडपी शाळा सारख्या नसतात, शिक्षकावर फार असतं, सेमी इंग्रजी आहे का तेही विचारून घ्या. पण गावातच राहणार असाल तर ॲडमिशनचे पैसे भरायच्या आधी एकदा सकाळी परिपाठाला झेडपीत जाऊन बसा, गेट उघडंच असतं.