८-इन-१ कॉट आणि ३२ रुपयांचे वॉशर (११ महिन्यांनंतर)

तीन महिन्यांनी बाळाच्या या कॉटला पाचपैकी पाच तारे दिले होते. ते पावसाळ्यातले तारे होते, म्हणून मागे घेतो. आता साडेतीन. कॉट तीच आहे. गादी बदलली आणि बोल्टांखाली वॉशर आले. त्याचंच रामायण पुढे.

कॉट सगळ्यांच्या ओळखीची: पाईनचं लाकूड, ४८ बाय २४ इंची गादी, तीन उंचींवर बसणारी गादीखालची फळी, चार चाकं, मच्छरदाणीची कमान आणि खोक्यावर ठसठशीत ‘८-इन-१’, म्हणजे एकाच कॉटचे आठ अवतार. किंमत साडेतेरा हजार. मे महिन्यात पुण्यात जोडली. जुलै-ऑगस्टमध्ये दगडासारखी घट्ट होती. दिवाळीनंतर, म्हणजे बाळ कठडा धरून उभं राहायच्या सुमारास, डोक्याकडच्या डाव्या कोपऱ्यातून ‘टक’ असा आवाज सुरू झाला. कठडा ढकलला की टक, सोडला की टक. वरचा बोल्ट अर्धा फेरा सैल निघाला. आवळला. तीन आठवड्यांत पुन्हा तेच, आणि आता दोन कोपऱ्यांत.

विकणाऱ्याच्या ग्राहक सेवेचं पहिलं उत्तर ‘नीट आवळा’, दुसरं ‘व्हिडिओ पाठवा’, तिसरं म्हणजे कुरिअरने नवे बोल्ट. ८० मिलिमीटरच्या जागी ७० चे! ते लावले तर टोक नटाच्या दोन-तीन आट्यांतच अडकतं. हाताला घट्ट लागतं आणि पहिल्या दणक्याला आटे सोलून निघतात. अशा बदली बोल्टाची लांबी जुन्याशेजारी धरून मोजल्याशिवाय तो लावू नका.

सुरुवातीला दोष लाकडाला दिला होता. पाईन मऊ, सागवान घ्यायला हवं होतं वगैरे. ते अर्धंच खरं. हातोडीचा दांडा सैल झाला की तो पाण्यात भिजत ठेवायची जुनी रीत आहे. दांडा फुगतो, घट्ट बसतो, आणि वाळला की आधीपेक्षा जास्त डुगडुगतो. लोखंडाच्या भोकात फुगायला जागाच नसते, त्यामुळे लाकडाचे तंतू आतल्या आत चेपतात आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाहीत. कॉटच्या सांध्यात हेच होतं. बोल्ट उभ्या पायातून आरपार जाऊन कठड्याच्या पट्टीतल्या बॅरल नटात (तो आडवा बसवलेला गोल तुकडा) अडकतो. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, जाडीत हलतं. पाय ४५ मिलिमीटर जाड. पाईनच्या आतला ओलावा पाचएक टक्क्यांनी वरखाली झाला की एवढ्या जाडीत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. एम-६ (६ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टचे आटे एकेक मिलिमीटरवर असतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे अर्धा फेरा. दिवाळीनंतर हाताला लागला तो हाच.

पावसाळ्यात पाय फुगतो, बोल्टचं डोकं त्यात रुततं. ऑक्टोबरच्या उन्हात आणि थंडीत पाय आकसतो आणि रुतलेल्या जागी फट राहते. म्हणून जुलैमध्ये ‘अजून एक फेरा घट्ट करून ठेवू’ हा शहाणपणा महागात पडतो, कारण त्या फेऱ्याने चेपणं वाढतं. मुंबई-कोकणात हवा वर्षभर ओलसर, त्यामुळे हा खेळ जरा मंद चालतो. पण खोलीत रोज रात्री एसी असेल तर तो फायदा विसरा.

मुळात बोल्टचं डोकं लाकडावर थेट टेकवलेलं होतं, हा खरा दोष. डोकं साडेदहा मिलिमीटरचं, त्यातलं भोक सोडलं तर लाकडावर दाब घ्यायला उरते फक्त एक बारीक कडी. १८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा चपटा वॉशर घातला की टेकायची जागा चौपटीहून जास्त होते. हार्डवेअरच्या दुकानात ‘एम-६, मोठ्या कडेचा’ म्हटलं की मिळतो, तीन रुपयांना एक. आठ चपटे, वर आठ स्प्रिंग वॉशर एकेक रुपयाचे. झाले ३२ रुपये. साडेतेरा हजारांच्या खोक्यात हे ३२ रुपये घालायला कोणाचा हात आखडला, देव जाणे.

बसवताना लाकडाला चपटा, त्यावर स्प्रिंग, त्यावर डोकं, हा क्रम सोडू नका. स्प्रिंग वॉशर थेट लाकडावर आला तर तो लाकूड कुरतडतो. दोन्ही मिळून तीनएक मिलिमीटर खातात, तेव्हा बोल्टचं टोक बॅरल नटाच्या पलीकडच्या अंगाला पोचतंय ना ते पाहा. काही कॉटमध्ये डोकं खोलगट भोकात बसतं. तिथे १८ चा वॉशर मावत नाही, १२ मिलिमीटरचा साधा घाला. वॉशर आल्यावर डोक्यावरची प्लॅस्टिकची टोपी नीट बसत नाही. ती जबरदस्तीने दाबून ठेवू नका, फेकून द्या. सुटी झाली तर ती कुठे जाणार हे सांगायला नको.

आवळण्याचीही एक पद्धत आहे, आणि सोबतच्या पत्रकात ती नाही. आठही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवायचे. बोल्ट धरत नसेल तर बॅरल नट आत तिरका झालेला असतो. त्याच्या तोंडावर खाच असते, ती बहुतेकदा आट्याच्या भोकाची दिशा दाखवते, स्क्रू ड्रायव्हरने ती बोल्टच्या रेषेत आणायची. जोर लावून तिरका बोल्ट घुसवला तर नटाचे आटे गेलेच. मग कॉट सपाट फरशीवर ठेवून टेपने दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले की समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने, थोडे थोडे घट्ट करायचे. ॲलन की (बोल्ट फिरवायची वाकडी षटकोनी चावी) लांब बाजूने धरून अंगाचा जोर लावू नका, आणि ड्रिल मशीन तर अजिबात नको; मऊ लाकडात ते कधी थांबायचं हे कळायच्या आत डोकं रुतलेलं असतं.

डिसेंबरात वॉशर घातले. त्यानंतर फेब्रुवारीत एकदा पाव फेरा लागला, बस. टक बंद आहे. आता दसरा, संक्रांत आणि अक्षय्य तृतीया अशी तीन वेळा ॲलन की फिरवायची. तारखा पाठ राहतात म्हणून सण, बाकी काही नाही.

बोल्टावर एवढं का अडलंय, असं वाटेल. अमेरिकेत २८ जून २०११ पासून एक बाजू खाली सरकणाऱ्या कॉट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा सरकत्या बाजू निखळण्याशी २००० पासूनचे किमान ३२ बालमृत्यू जोडले होते. लाकूड दणकट असूनही कडी-खिळ्याचा भाग झिजतो, बाजू एका कोपऱ्यातून सुटते, तिथे फट होते आणि बाळ त्या फटीत अडकतं. आपल्याकडे ‘आईला वाकायला नको’ म्हणून सरकती बाजू अजून कौतुकाने दाखवतात. वाकावं. चारही बाजू पक्क्या असलेलीच घ्या, हे या कॉटबद्दलचं एकमेव मत अकरा महिन्यांत बदललेलं नाही.

उभ्या पट्ट्यांमधलं अंतर ५५ मिलिमीटर आहे. अमेरिकेतली मर्यादा २ पूर्णांक ३ अष्टमांश इंच, म्हणजे ६० मिलिमीटर. थंड पेयाचा कॅन आत जातो का बघा, असा एक सल्ला सगळीकडे फिरतो. पण हल्लीचे बारीक कॅन ५५ मिलिमीटरच्याही आत असतात, ते चांगल्या कॉटमध्येही जातील. त्यापेक्षा ६० मिलिमीटर रुंदीचा पुठ्ठा कापून दुकानात न्या. आणि प्रत्येक पट्टी मुठीत धरून पिळून बघा. नुसत्या खिळ्याने ठोकलेली पट्टी गोल फिरते, लाकडी खुंटीत बसवलेली फिरत नाही. या कॉटच्या सगळ्या पट्ट्या अजून जागच्या हललेल्या नाहीत, अर्धा तारा त्याचा.

गादीने मात्र तो घालवला. सोबत आलेली गादी एका बाजूला सरकवली की दुसऱ्या बाजूला ४० मिलिमीटरची फट पडायची. दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, हा साधा नियम. वर मधोमध खळगाही पडायला लागला होता. गादीवाल्याकडून कडक फोमची शिवून घेतली: कॉटच्या आतलं माप काढायचं (बाहेरचं नाही), त्यातून लांबी-रुंदीत प्रत्येकी १ सेंटिमीटर वजा करायचा, जाडी ४ इंच. कापसाची गादी इथे नको, कितीही पिंजून घेतली तरी बाळाच्या वजनाने तिचा द्रोण होतो. सेटमध्ये फुकट आलेले लोड, तक्के, मोहरीची उशी आणि बाजूला बांधायची जाड झालर यातलं काहीही झोपताना कॉटमध्ये नको. जाड झालरींवर अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ पासून बंदीच आहे. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी हवीच, असं म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नका. उशी कपाटात ठेवा.

बाळ हात टेकून बसायला लागलं की फळी मधल्या खाचेत, उभं राहायच्या आधी सगळ्यात खालच्या. उभं राहिल्यावर नाही, आधी. वरच्या खाचेत फळी असताना झुलवायची सोय ठीक होती. बाळ गुडघ्यावर उठायला लागल्यावर ती कायमची बंद केली. मच्छरदाणीची कमानही त्याच सुमारास काढावी लागते, कारण जाळी ओढली की कमान आत येते. मग डासांसाठी खिडकीला जाळी, हा वेगळा खर्च. चारपैकी दोनच चाकांना ब्रेक आहे आणि गुळगुळीत फरशीवर कॉट ब्रेकसकट सरकते; चाकं काढून टाकली.

वरच्या पट्टीवर दातांच्या खुणा झाल्यात आणि पॉलिशचा एक टवका निघालाय. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, पण कॉटवर नेमकं काय मारलंय ते खोक्यावर लिहिलेलं नाही. लटकणाऱ्या खुळखुळ्यावर आयएसआयचा शिक्का आहे. तो खुळखुळ्याचा, कॉटचा नव्हे.

राहिलं ‘८-इन-१’. अभ्यासाचं टेबल, सोफा आणि आणखी काय काय. पुढच्या सहा-सात वर्षांत यातले दोन झाले तरी खूप. दरम्यान त्या प्रत्येक अवतारासाठी पायांना जादा भोकं पाडलेली आहेत, आणि भोक म्हणजे लाकूड कमी. त्याच पैशात सुताराकडून बिनअवताराची, शिवण लाकडाची कॉट होते. त्याला फक्त तीन आकडे लिहून द्या: पट्ट्यांत ६० मिलिमीटरच्या आत, फळी सगळ्यात खाली असताना गादीच्या वर कठडा किमान ५० सेंटिमीटर, आणि चारही पाय वरच्या पट्टीच्या सपाटीला. नक्षीचे गोळे वर नकोत, बाळाचा सदरा त्यात अडकतो.

कॉट पुढे नात्यातल्या कोणाला देणार असाल तर सुटी केल्यावर आठ बोल्ट, आठ बॅरल नट आणि सोळा वॉशर मोजून एका पिशवीत भरा आणि ती फळीच्या खाली चिकटपट्टीने लावा. एखादा बोल्ट हरवला असेल तर तोच एम-६, ८० मिलिमीटरचा शोधून घाला. भोकात लाकडाचा स्क्रू पिळून वेळ मारून नेलेली कॉट कोणाला देऊ नका, आणि कोणी दिली तर घेऊ नका.