आधी खिडकी की आधी कुंड्या? निरोगी घर आणि बाग ठरवताना

घर नव्याने लावायला काढलं की यादी लांबतच जाते. हवा शुद्ध करणारी झाडं, हवा शुद्ध करणारं यंत्र, 'श्वास घेणारा' रंग, दारापुढे हिरवळ, गच्चीवर भाजीचे वाफे. आरोग्याचा शिक्का सगळ्यांवर असतो आणि सगळं एकदम करणं फार थोड्यांना जमतं. म्हणून इथे पर्याय समोरासमोर ठेवले आहेत. कौल देताना मी एकच कसोटी लावली: घरात साठणारी ओल, धूर आणि उष्णता या निवडीमुळे बाहेर पडते, की आतच कोंडते? बागेत हीच कसोटी पाण्याला लावली.

घरातली झाडं, यंत्र की खिडकी

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

झाडं घरातली हवा शुद्ध करतात ही समजूत पसरली ती मुख्यतः नासाच्या 1989 सालच्या एका अभ्यासातून. त्यात लहान हवाबंद पेट्यांमध्ये कुंड्या ठेवल्या, आत बेंझीन आणि फॉर्माल्डिहाइडसारखे वायू सोडले आणि काही काळाने ते किती उरले हे मोजलं. वायू कमी झाले होते. प्रयोगात खोट नव्हती, पण राहतं घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. फटींतून, दारांतून, खिडक्यांतून घरातली हवा सारखी बदलत असते, आणि त्या वेगापुढे कुंडीची कामगिरी नगण्य ठरते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा अभ्यासकांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे 2019 मध्ये पुन्हा तपासले. नेहमीच्या इमारतीत हवा जितकी आपसूक बदलते, तितकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. बारा चौरस मीटरच्या खोलीत कमीत कमी 120 कुंड्या. मग पलंग ठेवायचा कुठे?

'रात्री ऑक्सिजन देणारं झाड' ही जाहिरातही अर्धवटच. स्नेक प्लांटसारखी झाडं पाणी वाचवण्यासाठी पानांवरची रंध्रं रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात, इतकं खरं. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच, आणि तो रात्री नसतो.

तरीही झाडं हवीत. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा पण नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या त्यांनी जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. यावरून कुंडीची जागाही ठरते: पलंगावरून किंवा कामाच्या टेबलावरून मान वर केली की जिथे नजर पडते, तिथे. मोजक्या, नीट पोसलेल्या चार कुंड्या कोपऱ्यातल्या चाळिसांपेक्षा बऱ्या. बंद खोलीत कुंड्यांची गर्दी केली तर ओल वाढते, आणि सतत भिजलेल्या मातीवर बुरशीही धरते.

आता यंत्र. खऱ्या हेपा फिल्टरची, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या दाट गाळणीची, चाचणी 0.3 मायक्रॉनच्या कणांवर होते आणि त्यातले 99.97 टक्के कण त्याने अडवावे लागतात. धूळ, धूर, परागकण यांच्यासाठी हे उत्तम. पण हेपा वायू गाळत नाही, ओल कमी करत नाही आणि कार्बन डायऑक्साइडला हातही लावत नाही. बाहेरच्या हवेत तो साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग, असतो. दारं-खिडक्या घट्ट लावून दोन माणसं झोपली की पहाटेपर्यंत हजाराच्या पुढे सहज जातो. सकाळी डोकं जड वाटतं, ते बऱ्याचदा कोंदटपणामुळे. यंत्र रात्रभर चाललं तरी हा आकडा खाली येत नाही. ओझोन सोडून हवा 'ताजी' करणारी यंत्रं तर घेऊच नयेत, कारण ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो.

खिडकीचा हिशेब सोपा आहे. एकाच भिंतीला खिडकी असेल तर वारा खोलीत छताच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत पोचतो. समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या असल्या की हे अंतर पाच पटींपर्यंत जातं. छत तीन मीटरवर असेल तर एकीकडे सहा-सात मीटर आणि दुसरीकडे पंधरा. दुसरी खिडकी काढणं शक्य नसेल तर आतल्या दारावर झडप ठेवा. झोपायच्या खोलीचं दार रात्री बंद असलं तरी हवेला वाट राहते.

माझा कौल असा: घराचं काम चालू असेल तर आधी आरपार वाऱ्याची वाट करून घ्या, भिंती बंद झाल्यावर ती संधी जाते. यंत्र नंतर कधीही आणता येतं. बाहेरची हवाच वाईट असेल तर मात्र हा क्रम उलटा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 या सूक्ष्म कणांसाठी 24 तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम ठेवली. आकडा याच्या कितीतरी वर असेल त्या दिवशी खिडकी लावून यंत्र चालवणंच शहाणपणाचं. घराजवळून वाहता रस्ता जात असेल तर गर्दीच्या वेळा टाळून खिडक्या उघडाव्यात.

स्वयंपाकघरात फार पर्याय नाहीत. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, दोन्ही निघतात. नळी बाहेर काढलेली चिमणी ते सगळं बाहेर टाकते. नळी नसलेली चिमणी हवा गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडते. नळी काढायला जागाच नसेल तर त्या चिमणीपेक्षा खिडकीतला साधा एक्झॉस्ट पंखा बरा.

भिंतीला चुना की अ‍ॅक्रिलिक

चुन्याची भिंत श्वास घेते म्हणतात, त्याचा साधा अर्थ असा की ती पाण्याची वाफ आरपार जाऊ देते. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. ताजा असताना तो इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तग धरता येत नाही. तोटेही आहेत. हात लावला तर पांढरं लागतं, डाग पुसता येत नाहीत, दर काही वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो, आणि लावताना डोळ्यांत उडाला तर चांगलीच इजा होते. जुन्या अ‍ॅक्रिलिकवर तो नीट धरतही नाही.

अ‍ॅक्रिलिक इमल्शन धुता येतं, टिकतं, रंगांची निवड भरपूर. पण वाळल्यावर त्याचा पातळ पापुद्रा बनतो. भिंतीतून ओल येत असेल तर ती त्या पापुद्र्यामागे अडते आणि फोड येऊन रंग सुटतो. निवडताना डब्यावरचं व्हीओसीचं प्रमाण वाचा, कारण रंगाचा वास येतो तो बऱ्याच अंशी याच उडणाऱ्या सेंद्रिय रसायनांचा. कमी व्हीओसीचा रंग घेतला तरी काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच त्या खोलीत झोपावं.

लहान मुलांची खोली, जिना, जिथे हात लागणारच अशा जागा: अ‍ॅक्रिलिक. जुन्या, जाड, ओल खेचणाऱ्या भिंती: चुना. फार जुना रंग खरवडायचा असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. कोरडा घासू नका, ओला करून काढा आणि मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा.

रंग कोणताही असो, ओलीचा उगम तसाच राहिला तर दोन्ही हरतात. माझ्या घरात एकदा बाहेरच्या भिंतीला टेकवून कपाट ठेवलं होतं. वर्षभराने सरकवलं तेव्हा मागे काळ्या बुरशीचा नकाशा! भिंत थंड, मागे हवा खेळत नव्हती, वाफ तिथेच पाणी होऊन बसत होती. रंग बदलायची गरज पडली नाही. भिंत पुसून सुकवली आणि कपाट एक वीत पुढे ओढलं, इतक्यावर भागलं. पाच मिनिटांत ओल दाखवणारं छोटं आर्द्रतामापक यंत्र या कामात उपयोगी पडतं. आकडा 60 टक्क्यांच्या खाली राहायला हवा, 30 ते 50 च्या दरम्यान असेल तर उत्तम.

फर्निचरबद्दल थोडक्यात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेले बोर्ड) यांच्या सरसात बहुधा फॉर्माल्डिहाइड असतं आणि ते महिनोन्‌महिने थोडं थोडं सुटत राहतं. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त. याला कर्करोगकारक मानलं गेलेलं आहे. भरीव लाकूड किंवा लोखंडी फर्निचर या बाबतीत बिनघोर. बोर्डच घ्यायचा तर कमी उत्सर्जनाचा घ्या आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका, कारण वायू मुख्यतः तिथूनच सुटतो.

पश्चिमेचं ऊन: आत पडदा की बाहेर सावली

इथे बरोबरी नाहीच. आतला पडदा ऊन अडवतो तोवर ते काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. बाहेरची चटई, झडप, वेल चढवलेली जाळी किंवा थोड्या अंतरावरचं झाड उन्हाला काचेपर्यंत पोचूच देत नाही. दुपारचं तिरकं ऊन छज्ज्याखालून आत शिरतं, म्हणून पश्चिमेला आडव्या छज्ज्यापेक्षा उभा आडोसा हवा. जागा असेल तर झाड लावा. पाच-सहा वर्षं थांबायची तयारी नसेल तर तोवर वेल. जाता जाता: खिडकीतल्या उन्हात बसून ड जीवनसत्त्व मिळेल या भरवशावर राहू नका. त्याला लागणारे अतिनील बी किरण काच अडवते.

दारापुढे: हिरवळ की झुडपं आणि वाफे

हिरवळ दिसायला शांत, पण पोसायला महाग. वाढत्या हंगामात तिला आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर. पन्नास चौरस मीटरला 1250 लिटर, दर आठवड्याला. वर कापणी, खत, तण. गवताला ऊनही भरपूर लागतं, झाडाखाली ते विरळ होतं आणि उरतो चिखल. मुलं लोळणार, खेळणार असतील तर हिरवळीला पर्याय नाही हे कबूल. नुसती बघायची असेल तर मला ती पटत नाही.

झुडपं, बहुवर्षायू फुलझाडं आणि जमीन झाकणाऱ्या वेली असा मिश्र पट्टा केला तर पहिलं वर्ष कष्टाचं जातं. खड्डे, आळी, तण काढणं चालूच. मुळं खोल गेली की पाण्याची गरज घटते. मातीवर पालापाचोळ्याचं पाच ते आठ सेंटिमीटर आच्छादन घातलं तर ओल टिकते आणि तणही दबतं, फक्त खोडाला ते चिकटू देऊ नका. घरात कुणाला परागकणांचा त्रास असेल तर हा पट्टा आणखी सरस ठरतो. वाऱ्यावर पराग सोडणारी गवतं जास्त छळतात, तर कीटकांसाठी फुलणाऱ्या ठसठशीत फुलांचे पराग जड, चिकट असतात आणि फारसे उडत नाहीत.

मधला मार्गही आहे: बसायला-खेळायला पुरेल इतकाच हिरवळीचा तुकडा, आणि कडेने झुडपं.

गच्चीवर: वाफे की कुंड्या

भाजीसाठी वाफा बरा. मुळांना मोकळी जागा मिळते आणि माती कुंडीइतकी लवकर सुकत नाही. पण वजन आधी मोजा. ओली माती घनमीटरला 1600 ते 2000 किलो भरते. तीस सेंटिमीटर खोल वाफा म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 500 ते 600 किलो. माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या नेहमीच्या गच्चीला हा भार झेपेल असं गृहीत धरता येत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाफा भरू नका. कोकोपीट आणि कंपोस्ट घालून माती हलकी करता येते, वाफे भिंतीच्या किंवा तुळईच्या ओळीवर ठेवता येतात, पण हे त्यानेच सांगावं. वाफ्याच्या चौकटीला रेल्वेचे जुने स्लीपर किंवा रसायनात मुरवलेलं जुनं लाकूड वापरू नका. त्यातली क्रिओसोट आणि आर्सेनिकसारखी द्रव्यं मातीत उतरतात आणि ती माती तुमच्या भाजीची असते.

घर भाड्याचं असेल, गच्चीच्या ताकदीची खात्री नसेल किंवा गळतीचा इतिहास असेल, तर कुंड्याच. मातीची कुंडी मुळांना हवा देते पण लवकर सुकते, प्लास्टिकची ओल धरते पण कडक उन्हात तापते. खाली विटा ठेवून कुंड्या उचलून घ्या, म्हणजे गच्चीचा पृष्ठभाग सुकत राहील.

कुंड्यांखालच्या ताटल्या हे मात्र दुखणंच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि अर्धा पेला पाणी त्याला भरपूर होतं. अंडी काठावर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून ताटली नुसती ओतून भागत नाही, दर आठवड्याला खरबरीत ब्रशने घासावी लागते. एवढं जमणार नसेल तर ताटल्या काढूनच टाका आणि पाणी थेट नाळीकडे जाईल असा उतार द्या.