छोट्या जहाजाने एजियन समुद्रात दोन सफरी: काय पटलं, काय खटकलं

ग्रीस आणि तुर्कीमधल्या या समुद्रात जुने अवशेष बघायच्या सफरी. पहिली ऑगस्टमध्ये केली, दुसरी मे महिन्यात, दोन्ही वेळा तेच जहाज, नव्वदच्या आसपास प्रवासी. परत आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं वा वा झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. बरोबर आई होती, वय ६८, उत्साह दांडगा पण गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे यातलं बरंचसं तिच्या गुडघ्यांचंही मत आहे असं समजा.

क्रूझ म्हटलं की कॅसिनो, शो, पाण्याच्या घसरगुंड्या डोळ्यासमोर येतात, तसलं इथे काही नाही. एक लाउंज, एक जेवायची जागा, पुस्तकांचं एक कपाट आणि डेक. केबिन एवढीशी की एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. ज्यांना समुद्रावर आराम हवाय त्यांनी सरळ मोठं जहाज घ्यावं. इथे रोज सकाळी सातला बूट घालून तयार.

मग फायदा काय? तर जिथे मोठं जहाज घुसतच नाही तिथे हे जातं. डेल्फीचे अवशेष बघून जवळच्या इतेआ बंदरातून निघालो आणि कोरिंथच्या कालव्यातून आलो, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. ६.४ किलोमीटर लांब आणि तळाशी जेमतेम २१ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना उभा कातळ, पुढे टगबोट ओढतेय आणि डेकवर सगळे एकदम गप्प. हा कालवा पूर्ण झाला १८९३ मध्ये, पण खोदायला सुरुवात रोमन सम्राट नीरोने इ.स. ६७ मध्येच केली होती, पुढच्या वर्षी तो मेला आणि काम बसलं. त्याच्याही कित्येक शतकं आधी ग्रीकांनी इथे फरसबंद रस्ता बांधून जहाजं चक्क जमिनीवरून पलीकडे ओढत नेली होती. हे पुस्तकात वाचलं होतं मी, पण त्या फटीतून स्वतः जाताना कळलं की एवढा खटाटोप का, ग्रीसच्या दक्षिणेकडच्या अख्ख्या पेलोपोनीज द्वीपकल्पाला वळसा वाचतो.

सगळीकडे मात्र छोट्या जहाजाचा उपयोग होतो असं नाही हां. तुर्कीतल्या कुशादासी बंदराला मोठी जहाजंही लागतात, त्यामुळे जवळच्या इफेसस या प्राचीन शहरात सेल्ससच्या लायब्ररीसमोर गर्दी ती गर्दीच. तिथली टेरेस हाऊसेस, म्हणजे श्रीमंत लोकांची जुनी घरं, टूरमध्ये धरलेली नव्हती, वेगळं तिकीट काढून गेलो आणि तेच सगळ्यात भारी निघालं. आमच्या गाइडने बंदराकडे जाणारा जुना रुंद रस्ता दाखवला, आता त्याच्या टोकाला समुद्रच नाही. नदीने गाळ आणून आणून बंदर भरून टाकलं आणि किनारा काही किलोमीटर लांब गेला. सकाळी जहाजातून उतरून बसने तिथे गेलो होतो ना, त्यामुळे ते अंतर चांगलंच जाणवलं.

क्रीट बेटावर क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्यात आईने लाल खांबांकडे बघून विचारलं, "हे सिमेंट कधीचं गं?" बरोबर पकडलं तिने. आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० मध्ये खोदकाम सुरू केलं आणि पुढे बरंच काही काँक्रीटमध्ये उभं केलं, म्हणून तिथल्या खऱ्या वस्तू बघायला जवळच्या हिराक्लिओनच्या म्युझियमला जास्त वेळ ठेवा. त्यापेक्षा सँटोरिनी बेटावरचं अक्रोतिरी मला कैक पटीने आवडलं. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव, १९६७ पासून उकरतायत, वरच्या मजल्यावर संडास आणि भिंतीतून खाली गेलेला पाइप! मेलेल्या माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत, म्हणजे लोक वेळीच निघून गेले असावेत. रांजण तसेच राहिलेत.

आता तक्रारी. ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, त्यात डेलोस हे प्राचीन अवशेषांचं बेट रद्द. मी मुळात डेलोससाठी पैसे भरले होते! बदल्यात दुसऱ्या एका बेटावर नेऊन कॉफी प्यायला सोडलं, पैसे परत नाहीत, कारण मार्ग बदलू शकतो असं अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्या रात्री जहाज असं हललं की जेवायला निम्मी टेबलं रिकामी. खालच्या डेकवरची, मधोमधची केबिन घ्या, तिथे कमी हलतं, आणि गोळी मळमळायच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही. शिवाय नांगर टाकून उभं असताना आमच्या जहाजाचे स्टॅबिलायझर, म्हणजे हेलकावे कमी करणारे पंख, काही कामाचे नव्हते, ते चालत्या जहाजावरच काम करतात असं खलाशाने सांगितलं. हाच खलाशी आईला लहान बोटीत उतरवताना हाताला हात नाही, मनगटाला मनगट धरायला लावायचा, तिला ते इतकं आवडलं की आता जिना उतरताना माझंही मनगटच धरते.

मे मध्ये डेलोस मिळालं. ख्रिस्तपूर्व ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी बेट पवित्र करायचं म्हणून सगळी थडगी हलवली आणि तिथे जन्मायला आणि मरायला बंदी घातली. आजही पर्यटकांना रात्री राहता येत नाही. आम्ही पहिल्या बोटीने उतरलो, तासभर सिंहांच्या पुतळ्यांच्या रांगेजवळ आम्ही आणि सरडे.

पण खरी गोम वेगळीच. पहिल्या सफरीत जहाजावर एक पुरातत्त्वाचे अभ्यासक होते, तुर्कीतल्या बोद्रुमच्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये त्यांनी तुर्कीच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला बुडालेल्या प्राचीन जहाजापुढे आम्हाला दीड तास उभं केलं आणि कोणी हललं नाही. १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने समुद्राच्या तळाशी कान असलेली धातूची बिस्किटं दिसली म्हणून सांगितलं, मग १९८४ पासून अकरा वर्षं खोदकाम चाललं. सुमारे १० टन तांबं, १ टन कथील, म्हणजे कांसं करायला लागतं तेच प्रमाण, साधारण ३३०० वर्षांपूर्वीचं. दुसऱ्या सफरीत त्याच जागी आलेले गृहस्थ स्लाइड वाचून दाखवायचे. तेच जहाज, तेच जेवण, आणि माझ्या वहीत जेमतेम चार पानं. तेव्हा बुक करताना केबिनचे फोटो नंतर बघा, आधी ईमेल करून विचारा की बरोबर कोण येणार आहे, आणि ते कळवत नसतील तर थांबा.

व्हिसाचं एक, ग्रीसमधून तुर्कीला जाऊन परत ग्रीसमध्ये यायचं असेल तर शेंगेन मल्टिपल एन्ट्रीच हवा. आमच्या ग्रुपमध्ये एका जोडप्याला हे अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात पोचल्यावर कळलं. टिप वेगळी द्यावी लागते, ऑल इन्क्लुझिव्ह लिहिलं असलं तरी.

आईला आता इटलीत सिसिली बेटावरच्या सिराक्यूजला जायचंय, तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीत अथेनाच्या देवळाचे खांब तसेच चिणलेले आहेत म्हणून. मी हो म्हटलंय, फक्त ऑगस्टमध्ये नाही.