कुंडीतली कलमी जास्वंद: उन्हाळा ते हिवाळा

फूल बशीएवढं, मध्ये गडद डोळा. फोटोत दाखवतात तसंच येतं, त्याबद्दल तक्रार नाही. रंग मात्र हवेप्रमाणे बदलतो. कडक उन्हात माझ्याकडची फुलं फिकट आणि लहान यायची, थंडीत तीच गडद झाली. साध्या लाल जास्वंदीसारखा रोजचा बहर यातून मिळणार नाही. फूल एकच दिवस टिकतं, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

डोकं खाल्लं ते कळ्यांच्या गळतीने. पाणी चुकलं किंवा कुंडीची जागा बदलली की कळ्या गळतात, पण झाड रुळलं की ते थांबतं. इथे पाणी वेळेवर असूनही गळती चालूच होती. शेवटी एक पिवळी पडलेली कळी नखाने उभी चिरली. आत पांढुरक्या, अगदी बारीक अळ्या, त्यातल्या एक-दोन चक्क उड्या मारत होत्या! चिलटासारखी एक माशी कळीत अंडी घालते. अळी आत सुरक्षित असते, त्यामुळे वरून फवारून फारसं काही होत नाही. पुढे ती मातीत उतरून कोष करते. म्हणून पडलेल्या आणि पिवळट कळ्या रोज वेचून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाकत गेले. कंपोस्टमध्ये नाही. काही आठवड्यांत गळती आटोक्यात आली.

पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीड, येतोच. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बेचक्यात बघायचं. पाण्याचा जोरदार फवारा आणि ऊन उतरल्यावर निंबोळी तेल, एवढं पुरतं.

खताबाबत एक सांगते. ‘फुलांसाठी खास’ म्हणून मिळणाऱ्या खतात बहुधा स्फुरद (फॉस्फरस) जास्त असतं आणि जास्वंदीला जादा स्फुरद मानवत नाही. तिला पालाश (पोटॅशियम) हवं. थोडं थोडं, पण नेमाने.

कळ्या नव्या फुटीवरच धरतात, तेव्हा छाटणीला घाबरू नका. हिवाळ्यात मात्र कात्री लावू नये, पाणीही कमी करावं.

विकत घेताना कलमाचा जोड मातीच्या वर आहे ना, ते बघून घ्या. जोडाखालून येणारी फूट खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याची असते. ती जोमाने वाढून वरच्या कलमाला उपाशी ठेवते, म्हणून दिसताक्षणी खुडायची.