ओम्नीचं इंजिन बदलून आठ महिने झाले: वापरानंतरचा अनुभव, आणि जुन्या इंजिनाच्या पोटात काय निघालं

आधी कळस, मग पाया. गाडी झकास चालते, ऑइल खात नाही, आणि झालेला खर्च वसूल होतोय. पण इंजिन बदलल्याने जेवढा फायदा झाला त्यापेक्षा जास्त फायदा जुनं इंजिन खोलून बघितल्याने झाला, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून त्याच्यावरच जास्त लिहिणार आहे.

गाडी मारुती ओम्नी, २००८ चं मॉडेल, पेट्रोल एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी). सेकंडहँड घेतलेली. राहायला भांडुप पश्चिमेला. माझं पोळी-भाजी केंद्र आहे, त्याचा माल आणायला हीच गाडी: वाशीच्या मार्केटमधून भाजी, मुलुंडहून किराणा, आणि वर्षातून काही वेळा चिपळूणला सासरी व कराडला माहेरी. इंजिन गेल्या गणपतीनंतर बदललं. म्हणजे थंडी आणि मे महिन्याचा उन्हाळा बघून झालाय.

"एवढ्या जुन्या गाडीवर पैसे कशाला घालतेस, इको घे" हे घरातल्या प्रत्येकाने सांगून झालं. ओम्नी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ ला बंद झाली, त्यामुळे नवी मिळायचा प्रश्नच नाही. इको चांगली गाडी आहे, पण ओम्नीची लांबी ३३७० मिलिमीटर आणि इकोची ३६७५. आमच्या गल्लीत जिथे ओम्नी वळते तिथे इकोला दोनदा मागेपुढे करावं लागतं, आणि मागे रिक्षावाला उभाच असतो हॉर्न वाजवत. शिवाय बॉडी सडलेली नव्हती. १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन संपल्यावर २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी नूतनीकरणही करून घेतलं होतं. तेव्हा त्याची फी कारसाठी ५००० रुपये होती (१ एप्रिल २०२२ पासूनची) आणि वर पर्यावरण कर वेगळा. एवढं भरून गाडी भंगारात घालायची माझी तरी तयारी नव्हती.

आता लक्षणं. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जायचं. सकाळी सेल्फ मारला की निळा धूर, आणि तो गाडी तापल्यावरही थांबायचा नाही. हे महत्त्वाचं आहे. फक्त पहिल्या स्टार्टला धूर येऊन बंद होत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात आणि काम स्वस्तात निघतं. चढावर, भार पडल्यावर सतत येत असेल तर रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. ऑइलचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं तर फुसफुस वाफारे यायचे, ज्याला गॅरेजमध्ये "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात.

मिस्त्रींनी सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. दोन सिलिंडर बरे होते, तिसरा त्यांच्या निम्म्याच्या आसपास. मग त्या तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, काटा चांगलाच वर चढला. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात, म्हणून आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघायचं. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. कुठलंही गॅरेज ती न करता "इंजिन काम निघालंय ताई" म्हणत असेल तर सरळ दुसरं गॅरेज गाठावं.

पर्याय तीन होते. आपलाच ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून मोठे कोरून, ओव्हरसाइज पिस्टन टाकणे, हाफ इंजिन (बिनहेडचं) आणून आपलं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) त्यावर चढवणे, किंवा पूर्ण जुनं इंजिन विकत आणणे. माझ्या मनाने पहिला पर्याय सगळ्यात सरळ, कारण इंजिन नंबर तोच राहतो. पण लेथवाल्याकडे कामांची रांग लागलेली, वर क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा) आणि हेडचं काम, आणि तेवढे दिवस गाडीशिवाय केंद्र चालवणं शक्य नव्हतं. म्हणून तिसरा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ज्यांनी पाऊल ठेवलं नाही त्यांना सांगते, तिथे गाडीचा कुठलाही अवयव मिळतो आणि प्रत्येक अवयव "एकदम मख्खन" असतो. ओम्नीचं इंजिन, म्हणजे एफ८बी, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, तेच घराणं मारुती ८०० मध्येही होतं. पण ८०० मध्ये ते पुढे आडवं बसतं आणि ओम्नीत सीटखाली उभं, मागच्या चाकांना ताकद देणारं. त्यामुळे भोवतालचं सामान वेगळं पडतं. "तेच आहे ताई, बसेल" यावर जाऊ नका, ओम्नीचंच इंजिन मागा, आणि एमपीएफआय आहे की कार्ब्युरेटर तेही बघून घ्या.

दुकानात मी तीन गोष्टी करून घेतल्या. क्रँक पान्याने हाताने पूर्ण फिरवून बघितला, कुठे अडकत नाही ना. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं: काळं ऑइल चालेल, दह्यासारखा पांढुरका चिकट थर नको, कारण तो पाणी ऑइलमध्ये गेल्याची खूण. आणि बॅटरी लावून सेल्फवर तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती हे बघायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर बरं. पहिल्या दोन दुकानांनी गेज लावू दिलं नाही, तिथून निघाले. तिसऱ्याने लावू दिलं आणि बिलावर इंजिन नंबर लिहून, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रतही दिली. ही प्रत नसेल तर इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नये. चोरीच्या गाडीचं निघालं तर तुम्ही कुठे-कुठे फिरत बसाल?

जुनं इंजिन बदल्यात दिलं असतं तर दोन हजार कमी झाले असते. दिलं नाही. मिस्त्री म्हणाले, "ताई, भंगाराला काय खोलून बघायचं?" म्हटलं, हे का मेलं ते कळल्याशिवाय त्याच जागी दुसरं बसवायचं नाही.

ओम्नीचं इंजिन खालून उतरवतात. सीट उचलून वरची जोडणी सोडवायची, प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा, आणि ट्रॉली जॅकवर गिअरबॉक्ससकट खाली घ्यायचं. हेड काढलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर ओला काळा थर होता, बाकी दोघांवर कोरडा तपकिरी. सिलिंडरच्या वरच्या कडेला नख अडकेल अशी पायरी झालेली. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत बोअर झिजतो, त्याच्या वर झिजत नाही, म्हणून ही पायरी पडते. होनिंगच्या तिरक्या रेघा, ज्यात ऑइल धरून ठेवलं जातं, त्या एका बाजूला पार पुसल्या गेलेल्या आणि तिथला पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत.

पिस्टन बाहेर काढल्यावर तर रिंगा हलेनातच. करपलेल्या साखरेने तवा धरावा तसा कार्बनने त्यांना खोबणीत धरून ठेवलं होतं. ऑइल रिंगच्या मागची बारीक भोकं, ज्यातून खरवडलेलं ऑइल परत खाली जातं, ती सगळी बुजलेली. म्हणजे ऑइल वरच राहणार, जळणार, त्याचा कार्बन होणार आणि तो उरलेली भोकं बुजवणार. एकदा सुरू झालं की हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवत नेतं.

मग चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, उघडलं. ऑइल पंपाच्या जाळीत लाल रंगाच्या सिलिकॉनच्या गुठळ्या. आधी कुणीतरी गॅस्केटला हात मोकळा सोडून सीलंट फासलेलं, ते आतल्या बाजूला दाबून बाहेर आलं, तुटलं आणि जाळीत जाऊन बसलं. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर वरचा थर झिजून तांबं दिसायला लागलेलं. क्रँकचं जर्नल (बेअरिंग जिथे बसतं तो भाग) मात्र नखाला गुळगुळीत लागत होतं, थोडक्यात वाचलेलं. हेडवर सरळपट्टी ठेवून फट मोजायचं फीलर गेज घातलं, ०.०५ मिलिमीटरची पात कुठेही शिरली नाही. म्हणजे हेड सरळ.

खरा मासा गळाला लागला तो थर्मोस्टॅटच्या डबीत. डबी रिकामी! माझ्याकडे गाडी यायच्या आधीच कुणीतरी तो काढून टाकलेला. "थर्मोस्टॅट काढा, गाडी गरम होणार नाही" हे मुंबईच्या गॅरेजांतलं जुनं शहाणपण आहे आणि एमपीएफआय गाडीला ते विषासारखं लागतं. थर्मोस्टॅट पाणी ऐंशीएक अंशांपर्यंत तापेस्तोवर रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की पाणी सतत थंड होत राहतं. इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सेन्सरकडून कळतं की इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवून देतो. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, खाली उतरून चेंबरमधलं ऑइल पातळ करतं. भांडुप ते कांजूर जायचं, थांबायचं, परत फिरायचं, अशा फेऱ्यांत माझं इंजिन कधी धड तापतच नव्हतं. पावसाळ्यात तापमानाचा काटा 'सी' (कोल्ड) वरून उठायचा नाही आणि मला वाटायचं, किती थंड डोक्याची गाडी आहे.

आणि घाटात मात्र ती गरम व्हायची. त्याचंही उत्तर ब्लॉकमध्ये होतं. स्क्रूड्रायव्हरने पाण्याच्या वाटा उकरल्या तर तपकिरी चिखल निघाला. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेलं, त्याचा गंज. मी कूलंट वापरत होते, पण साचलेलं तसंच राहिलं होतं. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या गोल टोप्यांपैकी एक बोटाने दाबली तर आत गेली. हाच चिखल रेडिएटरच्या नळ्यांतही असणार, म्हणून रेडिएटर उतरवला. खालच्या अर्ध्या नळ्या बंद.

हे सगळं बघितल्यावर कामाची यादी बदलली. रेडिएटरचा कोअर नवा, थर्मोस्टॅट कंपनीचा, पाण्याचे सगळे होज, वॉटर पंप. आणलेल्या इंजिनाचंही चेंबर उतरवून जाळी धुतली, त्यातही थोडा कचरा होताच. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, क्रँकचे पुढचे-मागचे सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, इंजिन माउंटिंग. यातलं काहीही नंतर बदलायचं म्हटलं तर पुन्हा तेवढीच मजुरी. इंजिन सोळा हजारांच्या आसपास पडलं, आणि सगळं मिळून चाळीस हजारांच्या घरात गेलं. इंजिनच्या किमतीएवढंच बजेट धरून कुर्ल्याला जाणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात घ्यावा.

आता वापर. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आसपासच बदललं, आतला जुना गाळ सुटून येतो म्हणून. ते काळंकुट्ट निघालं. पुढचं बरंच स्वच्छ. डिपस्टिकवरची पातळी आता दोन ऑइल बदलांच्या मध्ये किंचितच उतरते. धूर नाही, पीयूसी निमूट पास. ॲव्हरेज शहरात अकराच्या खाली गेलं होतं, आता चौदा-पंधरा मिळतं, आणि त्यातला मोठा वाटा थर्मोस्टॅटचा आहे असं मला वाटतं, कारण काटा आता पाच-सात मिनिटांत मधोमध येऊन बसतो आणि तिथेच राहतो. एलबीएस रोडवर मे महिन्याच्या दुपारी घाटकोपरच्या गर्दीतही पंखा लागतो, बंद होतो, काटा हलत नाही.

कुंभार्ली घाट चढले, माणसं आणि आंब्याच्या पेट्यांसह. ३५ बीएचपीच्या आसपासचं इंजिन आहे, त्यामुळे दुसरा गिअर आणि मागच्या एसटीची माफी हे ठरलेलंच. पण पूर्वी निम्म्या घाटात थांबून बॉनेटऐवजी सीट उघडावी लागायची, ती वेळ आली नाही.

नावडत्या गोष्टीही आहेत. सीटखालची धग तशीच आहे, इंजिनच तिथे आहे म्हटल्यावर ती जाणार कुठे. सिग्नलला तीन सिलिंडरची थरथर आहेच, उलट नव्या माउंटिंगमुळे पहिले काही आठवडे जास्तच जाणवली. आणि इंजिन गप्प झाल्यामुळे गिअरबॉक्सचं रडणं ऐकू यायला लागलंय, तिसऱ्या गिअरला विशेष.

कागदांचं काम टाळू नका. आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो, भांडुपकरांना त्यासाठी वडाळ्याचं आरटीओ. बिल, ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची प्रत, विमा, पीयूसी हे हाताशी ठेवा, गाडी दाखवावी लागते. नंतर विमा कंपनीलाही कळवा. नंबर जुळला नाही तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येईल, आणि २०२८ ला मला परत रजिस्ट्रेशन वाढवायचंय तेव्हाही इन्स्पेक्टर नंबर बघणारच.

जुना ब्लॉक शेवटी लेथवाल्याकडे दिलाच. एफ८बीचा बोअर मुळात ६८.५ मिलिमीटरचा, त्याला ०.२५ आणि ०.५० असे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात. झीज बघून तो म्हणाला ०.५० च लागेल. क्रँक पॉलिश करून नवी बेअरिंग बसतील. पिस्टन ऑपेरा हाउसच्या एका दुकानात सांगून ठेवलेत, ते आले की जोडून मिस्त्रींकडेच तेल लावून झाकून ठेवणार आहे. तोवर गिअरबॉक्सच्या तिसऱ्या गिअरचं बघायचंय. कुणी ओम्नीचा गिअरबॉक्स खोललेला असेल तर बेअरिंग बदलून आवाज गेला का, तेवढं सांगा.